उस्तादाची शाळा

परवा दिवाळीच्या कापडासाठी गांधीबागेत गेलो होतो. ठोक दुकानापुढे ट्रकमधून गाठी उतरत होत्या आणि एक पोरगा हातोडीने चाके ठोकून हवा अजमावीत होता. मास्तरकीची खोड जाते कुठे! विचारले, “शिकलास किती?”

“सातवी, साहेब. पण आता लायसनला आठवी लागत नाही.”

खरेच आहे. ती अट २०१९ साली गेली. वयाला २० वर्षे पुरी हवीत, हलक्या गाडीचे लायसन वर्षभर जुने हवे, मग रीतसर शिकून परीक्षा द्यायची. पण खरे शिक्षण उस्तादाच्या शेजारी बसून. चढाला गिअर कोणता, उताराला ब्रेक किती, माल कसा आवळायचा, हे क्लीनरकीतच कळते.

“या शाळेची फी काय हो?” मी उस्तादांना विचारले.

“झोप!” ते हसले.

मला मात्र हसू येईना. मोटार कामगारांना दिवसाला ८ तासच काम, असा कायदा १९६१ पासून आहे. पोराने स्टिअरिंग खुशाल धरावे. पण नोकरी पत्करताना पगाराआधी झोपेचे विचारावे. आपले कापड एक दिवस उशिरा आले, तर दिवाळी काही अडत नाही.