सहल आधी खानदेशातच हवी

हिवाळा आला की महाविद्यालयाच्या सूचना-फलकावर सहलीची नोटीस लागते आणि वर्गावर्गांतून चर्चा सुरू होते. रायगड की महाबळेश्वर? वेरूळ की गोवा? अगदीच पैसे जमले नाहीत तर अजिंठा. खानदेशातील एखाद्या स्थळाचे नाव मात्र त्या यादीत सहसा येत नाही. कोणी सुचविलेच तर ठराविक उत्तर मिळते, "तिथे पाहण्यासारखे आहे काय?"

देशोदेशीचे प्रवासी जळगाव स्टेशनवर उतरतात आणि थेट अजिंठ्याची वाट धरतात. त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. ते तेवढ्यासाठीच आलेले असतात. पण आपण इथे जन्मलो, इथे शिकलो आणि तरीही या मातीवरून पाहुण्यासारखे निघून जातो, याला काय म्हणावे?

'पाहण्यासारखे काय आहे' याचे उत्तर आधी देऊ. धुळ्यापासून सुरुवात करावी. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ साली धुळ्यातच वारले. गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यांवरची दप्तरे उतरवून त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' बावीस खंडांत प्रसिद्ध केली होती. त्यांच्या पश्चात अवघ्या काही दिवसांत, जानेवारी १९२७ मध्ये, धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळ उभे केले. त्याच गावात शंकर श्रीकृष्ण देव यांच्या परिश्रमातून उभे राहिलेले समर्थ वाग्देवता मंदिर आहे. देवांनी रामदासी मठांतून बाडे गोळा केली नसती, तर त्यांतली किती वाळवीने खाल्ली असती, हे सांगायला नको.

धुळ्याहून चाळीसगावला यावे. तेथे केकी मूस या छायाचित्रकाराचे घर कलादालन म्हणून जपले आहे. १९८९ साली ते गेले. आयुष्याचा मोठा काळ त्यांनी या घराबाहेर क्वचितच पाऊल टाकून काढला. टेबलावर साध्या वस्तू मांडून त्यांनी टिपलेली चित्रे पाहिली, म्हणजे कलेसाठी मुंबईच गाठावी लागते हा आपला समज गळून पडतो.

चाळीसगावजवळच सातमाळ्याच्या पायथ्याशी पाटण आहे. तेथल्या देवीच्या दर्शनाला आपल्यापैकी पुष्कळजण नवस फेडायला गेले असतील. पण तेथील शिलालेखाबद्दल किती जणांनी ऐकले आहे? १८६५ साली डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो विद्वानांपुढे आणला. थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या 'सिद्धान्तशिरोमणी'चे आणि इतर ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून येथे मठ काढला आणि इ. स. १२०७ मध्ये निकुंभ वंशातील सोइदेवाने त्याला दान दिले, असे हा लेख सांगतो. आज ज्याला आपण आडगाव म्हणतो तेथे आठशे वर्षांपूर्वी गणिताचे व ज्योतिषाचे विद्यापीठ होते!

या लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. मठाला काय मिळावे याची ती यादी आहे. बाजारात येणाऱ्या मालावरचा हिस्सा, तेलाच्या घाण्यामागे थोडे तेल, असा तो हिशेब आहे. म्हणजे राजाने जमीन दिली आणि काम संपले असे झाले नाही. भास्कराचार्यांची विद्या पाटणच्या वाण्यातेल्यांनी आपल्या वाट्याने पोसली. 'लीलावती'तले एकही गणित त्यांच्यातल्या बहुतेकांना येत नसावे. तरीही समईतले तेल त्यांच्या घाण्यावरचे होते.

माझे म्हणणे एवढेच आहे, की वारसा असाच टिकतो. सरकारने फलक लावला, कुंपण घातले म्हणून तो टिकत नाही. आसपासची माणसे आपला लहानसा वाटा घालतात म्हणून टिकतो. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावाने ओव्या उतरवून घेतल्या, म्हणून १९५२ साली त्यांचे पुस्तक निघू शकले. ते कागद हाती घेणारे कोणी नसते, तर आपल्याच शेजारच्या शेतात जन्मलेले ते काव्य तिथेच विरून गेले असते.

यावर काही मित्र म्हणतील, मोलाच्या वस्तू मोठ्या शहरांतल्या संग्रहालयांत सुरक्षित असतात, मग चिंता कशाला? पाटणच्या डोंगरावरून पलीकडे गेले की पितळखोऱ्याची लेणी लागतात. तेथे सापडलेली यक्षमूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर ती घडविणाऱ्या कण्हदास नावाच्या सोनाराचे नाव कोरलेले आहे. ती दिल्लीत सुखरूप आहे, याचा आनंदच मानावा. पण मूर्ती हलविता येते, डोंगर हलविता येत नाही. बळसाण्याची देवळे, तापीकाठी थाळनेरला असलेल्या फारुकी सुलतानांच्या कबरी, तापी-पूर्णेच्या संगमावरचे चांगदेवाचे मंदिर, ही सर्व ऊन-पाऊस सोशीत जिथल्या तिथेच उभी राहणार. त्यांच्याकडे लक्ष देणारे डोळे जवळचेच हवेत.

दुसरा आक्षेप सोयीचा. एस. टी. वेळेवर नाही, राहायला हॉटेल नाही, जेवणाचे हाल. मान्य. परंतु सोय होईपर्यंत जायचे नाही असे ठरविले, तर सोय कधीच होणार नाही. लोक जातात तिथेच गाडी सुरू होते.

म्हणून प्राध्यापकवर्गाला आणि विद्यार्थी-मित्रांना एक सूचना करावीशी वाटते. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात प्रत्येक विद्यार्थ्याची निदान एक सहल खानदेशातच व्हावी. पहिल्या वर्षी धुळे, दुसऱ्या वर्षी चाळीसगाव व पाटण, तिसऱ्या वर्षी तापीकाठ. आणि ती नुसती खाण्याची व फोटोंची सहल नसावी. मराठीच्या विद्यार्थ्यांनी गावातल्या म्हाताऱ्यांकडून अहिराणीतल्या ओव्या व म्हणी लिहून घ्याव्यात. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी कोणती मूर्ती कुठे आहे, तिची अवस्था काय, कुठे ऑइलपेंट फासला आहे, कुठे नावे कोरली आहेत, याची नोंदवही ठेवावी. भूगोलवाल्यांनी नकाशे काढावेत. ही वही ग्रंथालयात राहील आणि पुढच्या वर्षीचा वर्ग तिच्यात भर घालील. दहा वर्षांनी आपल्या महाविद्यालयाजवळ जे दप्तर तयार होईल, ते विकत कुठेच मिळणार नाही.

याला फार पैसा लागत नाही. राजवाड्यांजवळ कुठे होता? लागते ती थोडी पायपीट आणि चौकसपणा. पाटणच्या तेल्याने पळीभर तेल दिले. आपण निदान एक रविवार द्यायला काय हरकत आहे?