स्वप्न मोडते, तेव्हा दोष कोणाचा?

‘अमेरिकन स्वप्न’ हा शब्दप्रयोग जेम्स ट्रस्लो ॲडम्स या इतिहासकाराने १९३१ साली रूढ केला, तेव्हा महामंदीने त्या देशातील लाखो कामगार बेकार झाले होते. कष्ट करील तो वर चढेल, हे त्या स्वप्नाचे सूत्र. जो चढला नाही त्याचे कष्टच अपुरे पडले, ही त्याची न उच्चारलेली दुसरी बाजू होय.

पुढील अमेरिकन कथासाहित्यात या स्वप्नाची पडझड दिसू लागली, तेव्हा काहींनी तिला निराशावाद ठरविले. वस्तुतः तो हिशेब होता. जॉन स्टाइनबेक यांच्या १९३९ सालच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’मध्ये ओक्लाहोमातील जमीन गमावलेले जोड कुटुंब कामाच्या जाहिरातींवर विसंबून कॅलिफोर्नियाला जाते. हवे असतात थोडे मजूर, बोलावलेले असतात हजारो. साहजिकच मजुरी कोसळते. येथे कोणाचा आळस नाही. श्रमाचा बाजारच असा रचलेला आहे.

मराठीने हे सत्य स्वतःच्या मातीतून ओळखले. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मधील (१९६०) कौतिक मरमर राबते, तरी वऱ्हाडातील तिचा संसार सावरत नाही. सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’मधील (२००२) एकनाथ एम.ए., बी.एड. होतो, पण नोकरीसाठी मागितलेली रक्कम शेतकऱ्याच्या घरात नसते. शिक्षणाची शिडी आहे, पहिल्या पायरीवरच पैसे मागणारा बसला आहे.

आता मोहर्लीकडे पाहावे. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, १९९५ साली व्याघ्र प्रकल्प झाला. गाभा क्षेत्रातील जामणी, नवेगाव यांसारखी गावे बाहेर गेली. प्रवेशद्वाराशी रिसॉर्टे उभी राहिली. गावातील काही तरुण गाइड झाले, काही जिप्सी चालवू लागले. ही मिळकत तुच्छ मानण्याचे कारण नाही. तथापि, फेऱ्या मोजक्या, पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद आणि वाघ पाहावयास येणाऱ्यांच्या पैशाचा मोठा वाटा भांडवल ज्याचे त्याच्याकडे. ज्याला जागा मिळाली नाही त्याला मात्र सांगितले जाते, ‘तू कमी पडलास.’ हे वाक्य तो तरुण स्वतःही खरे मानू लागतो. आणि एकदा ते मानले की संघटनेची गरजच उरत नाही. अपयश ज्याचे त्याने घरी नेऊन गिळायचे!

म्हणूनच स्वप्नभंगाचे साहित्य कार्यकर्त्याने करमणूक म्हणून बाजूस सारू नये. एकट्याची वाटणारी लाज अनेकांची आहे, एवढे ते दाखविते. तेथून पुढचे काम कादंबरीचे नव्हे. रोजंदारी किती, फेऱ्यांची वाटणी कोण ठरवितो, जमीन कोणाच्या नावे झाली, हे प्रश्न मोहर्लीच्या ग्रामसभेतच विचारावे लागतील.