पूर आला की ट्रकचालकाच्या आठ तासांचं काय होतं?

सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाडा आणि सोलापूरला पुराने वेढलं. राज्यभरातून किराणा, कपडे, चारा भरून ट्रक निघाले आणि आपण त्यांचे फोटो शेअर केले. पण स्टेअरिंगवर बसलेला माणूस शेवटचा कधी झोपला होता, हे किती जणांनी विचारलं?

वाशिमचा यात काय संबंध?

नागपूरहून जालना-बीडकडे समृद्धी महामार्गाने जाणारा ट्रक कारंजा, शेलूबाजार, मालेगाव असा आपल्या जिल्ह्यातून जातो. अकोल्याहून हिंगोली-नांदेडला निघालेला ट्रक राष्ट्रीय महामार्ग 161 ने वाशिमवरून जातो. म्हणजे विदर्भातून मराठवाड्याला जाणारी बरीच मदत आपल्या दारावरून जाते. त्या ट्रकच्या पुढे-मागे आपल्याच दुचाकी आणि ट्रॅक्टर असतात. चालकाला डुलकी लागली तर फटका त्यांनाही बसतो.

नियम काय आहे?

मोटार वाहतूक कामगार कायदा 1961 नुसार चालकाचं काम दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तास. लांब पल्ल्याच्या मार्गावर परवानगी घेऊन 10 आणि 54 तासांपर्यंत. सलग 5 तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि दोन दिवसांच्या कामामध्ये सलग 9 तास आराम. हा कायदा 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहितेत सामावला गेला, पण आठ तासांची चौकट तीच आहे.

मग आपत्तीत सूट मिळते का?

मिळते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 91 नुसार आणीबाणीत किंवा आधी अंदाज न येणाऱ्या कारणाने उशीर झाल्यास राज्य सरकार अधिसूचना काढून तासांच्या नियमातून सूट देऊ शकतं. 1961 च्या कायद्यातही नैसर्गिक आपत्ती किंवा वाहतूक ठप्प झाल्यास जादा काम घेण्याची मुभा होती, आणि अशा वेळी 9 तासांच्या आरामाची अटही शिथिल व्हायची.

हे चूक आहे का? नाही. पूल पाण्याखाली आहे, ट्रक सहा तास खोळंबलाय आणि पुढच्या गावात प्यायला पाणी नाही. अशा वेळी 'माझे आठ तास भरले' म्हणून गाडी उभी करणं कुणालाच परवडणारं नाही.

अडचण कुठे आहे?

अमेरिकेत ट्रकचालक 10 तास आरामानंतर जास्तीत जास्त 11 तास गाडी चालवू शकतो आणि ट्रकमधलं यंत्र ते तास नोंदवतं. तिथेही आपत्तीत सूट मिळते. पण 2023 मधल्या बदलानंतर राज्यपालांनी जाहीर केलेल्या आणीबाणीत ती आपोआप 14 दिवसांपुरतीच असते. थकलेल्या चालकाला गाडी चालवायला लावायची नाही, हा नियम मात्र सूट असतानाही कायम राहतो.

आपल्याकडे मालट्रकमध्ये असं तास मोजणारं यंत्र सक्तीचं नाही. अनेक चालकांना पैसे खेपेवर मिळतात, तासांवर नाही. नेहमीचंच गणित बघा: समृद्धी 701 किलोमीटरचा, अवजड वाहनांची वेगमर्यादा ताशी 80. नागपूर ते मुंबई कुठेही न थांबता गेलं तरी जवळपास नऊ तास लागतात. म्हणजे एकटा चालक पूर नसतानाही आठ तास ओलांडतो. जी मर्यादा रोजच पाळली जात नाही, तिच्यातून सूट देऊन चालकाच्या आयुष्यात नेमकं काय बदलतं? फक्त त्याच्यावर घाई करण्याला कायद्याचं बळ मिळतं.

मग करायचं काय?

यावर आपण पूर्वी वापरलेला उपाय आहे. एप्रिल 2020 च्या लॉकडाऊनमध्ये केंद्राच्या सूचनांनी मालट्रकमध्ये दोन चालक आणि एक मदतनीस यांना परवानगी दिली, महामार्गावरचे ढाबे आणि ट्रक दुरुस्तीची दुकानं चालू ठेवली. म्हणजे गाडी पोचवायची तर चालकाला जेवण आणि बदली माणूस लागतो, हे सरकारने तेव्हा ओळखलं होतं.

पुराच्या काळातही सूट अशीच अटींसह यायला हवी: किती दिवस, कोणत्या मार्गावर, दुसरा चालक आहे का आणि परत निघण्याआधी झोप कुठे. नितीन गडकरींनी जानेवारी 2023 मध्ये म्हटलं होतं की ट्रकचालकांचे तास ठरवणारा कायदा 2025 अखेरपर्यंत आणू. ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या नव्या ट्रकमध्ये चालकाच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, हे चांगलंच. पण एसी झोपेची जागा घेत नाही.

आणि हो, पुढच्या वेळी तुमच्या गावातून मदतीचा ट्रक निघेल तेव्हा 'रात्रीतून पोचव' म्हणण्याआधी चालकाला दोन गोष्टी विचारा. जेवला का? आणि सोबत दुसरा कोण आहे?