तांबड्या केसांची फिर्याद

लहान मुलांना राक्षस शिंगांवरून ओळखावा लागतो आणि चेटकीण बाकदार नाकावरून. मोठी माणसे मात्र कादंबरीतला माणूस त्याच्या कृतीवरून पारखतात, अशी आपली एक समजूत असते. समजूत मोठी सुखाची आहे. पण ती खरी नाही. ज्याला शंका असेल त्याने गेल्या दोनशे वर्षांतल्या युरोपीय कथा-कादंबऱ्या काढून बसावे आणि त्यांतली तांबड्या केसांची माणसे तेवढी एका रांगेत उभी करावीत. पोरांना चोरी शिकवणारा डिकन्सचा फॅगिन तिथे उभा राहील. त्याच्या शेजारी हात चोळीत, अंग पिळीत उरिया हीप येईल. विल्की कॉलिन्सची विषप्रयोग करणारी लिडिया ग्विल्ट येईल. 'डेथ इन व्हेनिस' या थॉमस मानच्या १९१२ च्या दीर्घकथेत म्यूनिकच्या दफनभूमीपाशी मृत्यूची चाहूल घेऊन उभा असलेला तो परका प्रवासी येईल. बुल्गाकॉव्हच्या 'द मास्टर अँड मार्गारिटा'मधल्या सैतानाच्या गोतावळ्यातून तर दोघे येतील, सुळेवाला अझाझेलो आणि चेटकीण हेला. जगाच्या लोकसंख्येत असे केस शंभरात एक-दोघांचेच असतात. कादंबरीतल्या पाप्यांच्या पंगतीत मात्र त्यांची पाने आधीच मांडून ठेवलेली दिसतात.

माझी फिर्याद या पानांविरुद्ध आहे. 'त्याचे केस तांबडे होते' हे वाक्य दिसायला वर्णनाचे. पण बहुतेक कादंबऱ्यांत ते वर्णन नसतेच. तो निकाल असतो. साक्षीपुरावा व्हायच्या आधी, आरोपीने तोंड उघडायच्या आधी लेखक तो वाचून दाखवतो आणि आपण, स्वतःला चोखंदळ म्हणवणारे वाचक, मान डोलावून पान उलटतो.

हा निकाल लेखकांनी स्वतः लिहिलेला नाही; तो त्यांना वारशाने मिळाला. ख्रिस्ताला पकडून देणाऱ्या जूडासचे केस कसे होते याविषयी बायबलातल्या चारही शुभवर्तमानांत एक अक्षर नाही. तरीही मध्ययुगापासून युरोपच्या चित्रकारांनी त्याचे केस आणि दाढी तांबडी रंगवली, आणि बघता बघता तो रंग विश्वासघाताचा ठरला. जूडास ज्यू, म्हणून तोच रंग सरसकट साऱ्या ज्यूंच्या माथी आला. इंग्लिश रंगभूमीवर शायलॉक तांबडा टोप घालून येई, अशी परंपरा सांगतात. १८१४ साली एडमंड कीनने काळा टोप घालून ही भूमिका केली, तेव्हा ती मोठी नवलाई वाटली. नटाने टोप बदलला. कादंबरीकारांनी मात्र तो उचलून आपल्या पात्रांच्या डोक्यावर ठेवला.

'ऑलिव्हर ट्विस्ट' १८३७ ते १८३९ या काळात मासिकातून क्रमशः आली. तीत फॅगिन प्रथम दिसतो तो जटा झालेल्या तांबड्या केसांआडून, आणि पुढे पानोपानी लेखक त्याला नावाऐवजी 'ज्यू' म्हणतो. १८६३ साली एलायझा डेव्हिस या ज्यू बाईंनी डिकन्सला पत्र लिहून या अन्यायाविषयी जाब विचारला. डिकन्सने आधी आपली बाजू सावरली. पण गोष्ट त्याच्या मनाला लागली असली पाहिजे. 'अवर म्युच्युअल फ्रेंड'मध्ये त्याने राया नावाचा सज्जन ज्यू म्हातारा आणला, आणि १८६७ च्या आवृत्तीत पुढच्या प्रकरणांतले 'ज्यू' हे संबोधन जवळजवळ सगळे काढून टाकले. हे त्याच्या मोठेपणाला शोभेसेच झाले. पण तांबडे केस होते तिथेच राहिले. त्यांविषयी कोणी पत्र लिहिले नव्हते, आणि त्यांतही काही अन्याय आहे हे त्या थोर माणसाच्या ध्यानी आले नाही. शब्द जातो आणि खूण राहते, हा माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला खरा धोका आहे. शब्दाला आपण जाब विचारू शकतो. खूण गुपचूप काम करीत राहते.

उरिया हीपचे उदाहरण याहून बोलके आहे. 'डेव्हिड कॉपरफील्ड'मधला हा कारकून म्हणजे डिकन्सच्या प्रतिभेचे एक आश्चर्य. त्याचा तो ओलसर, थंडगार हात, त्याचे ते सतत लीन असणे! आणि पुढे एकदा तोच डेव्हिडला सांगतो की, धर्मादाय शाळेत त्याला आणि त्याच्या बापाला हेच शिकवले गेले: याच्यापुढे वाका, त्याच्यापुढे टोपी काढा, आपली पायरी ओळखून राहा. इथे माणूस उभा राहतो. उपकाराच्या भाकरीने कपट कसे पोसले जाते, हे तिथे समाजाच्या तोंडावर सांगितलेले आहे. आता मला सांगा, यात त्या भादरलेल्या तांबड्या केसांनी नेमके काय केले? काहीच नाही. उलट त्यांनी नुकसान केले. हीप दुष्ट का झाला याचे जे अस्वस्थ करणारे उत्तर डिकन्सने दिले, ते मानायची गरजच आळशी वाचकाला उरत नाही. त्याला उत्तर आधीच मिळालेले असते: जातच तसली, केस पाहिले नाहीत का?

यावर काही समीक्षक म्हणतील की, हे केस डेव्हिडला दिसतात. किळस त्याची आहे, लेखकाची नव्हे. युक्तिवाद चांगला आहे. पण मग डेव्हिडच्या नजरेविषयी त्या जाडजूड कादंबरीत कुठे तरी एक शंका यायला हवी होती. ती येत नाही. साऱ्या घटना मिळून त्या नजरेलाच दुजोरा देतात. साक्षीदार आणि न्यायाधीश एकाच आवाजात बोलू लागले, म्हणजे 'हे साक्षीदाराचे मत' असे म्हणून न्यायाधीशाला सुटता येत नाही.

दुसरे एक समर्थन ऐकू येते ते काटकसरीचे. लेखकाला थोडक्यात माणूस उभा करायचा असतो. त्याने रूढ खुणा वापरल्या तर बिघडले कुठे? खुणा वापराव्यात, माझी ना नाही. पण खूण आणि शिक्का यांत फरक आहे. कॉनन डॉईलची 'द रेड-हेडेड लीग' ही १८९१ ची शेरलॉक होम्सची कथा घ्या. जेबेझ विल्सन या सावकाराला केवळ तांबड्या केसांपायी नोकरी मिळते, आठवड्याला चार पौंड. काम काय, तर विश्वकोश उतरून काढायचा! तो तिकडे पाने उतरतो आहे आणि इकडे त्याच्या तळघरातून बँकेपर्यंत भुयार खणले जाते आहे. इथे केसांना काम आहे. ते काढले तर कथा कोसळते. आणि विल्सन भाबडा आहे तो केसांमुळे नव्हे; फुकटच्या पैशाची भूल कोणत्याही रंगाच्या डोक्याला पडते. डॉईलने खूण वापरली, शिक्का मारला नाही. हीपचे केस काढून पाहा: 'डेव्हिड कॉपरफील्ड'मधला एक चिराही हलणार नाही.

कॉलिन्सची गोष्ट आणखी निराळी. १८६४ ते १८६६ या काळात क्रमशः आलेल्या 'आर्माडेल'मध्ये लिडिया ग्विल्टचे रूप वर्णिताना तो स्वतःच म्हणतो की, उत्तरेकडच्या लोकांचा पूर्वग्रह या रंगाला कधी पुरती क्षमा करीत नाही. म्हणजे हा पूर्वग्रह आहे हे त्याला पक्के ठाऊक होते! आणि ठाऊक असूनही, तिला कारस्थानी करायचे ठरल्यावर, त्याने नेमका तोच रंग उचलला. एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगितली पाहिजे: त्याने तिच्या हाती रोजनिशी दिली. ती स्वतःच्या शब्दांत बोलू लागली की केस मागे पडतात आणि एक हुशार, दमलेली, स्वतःवरच चिडलेली बाई आपल्यासमोर येते. निकाल पुसायचा उपाय हाच आहे. आरोपीला बोलू द्यावे.

'पण आता तसे राहिले नाही. आता तांबड्या केसांचे नायक असतात,' असेही मला ऐकवले जाईल. असतात खरे. डायना गॅबल्डनच्या १९९१ च्या 'आउटलँडर'मधल्या जेमी फ्रेझरवर जगभरचे वाचक भाळले. शिवाय प्रणयकथांतल्या तांबड्या केसांच्या नायिका आहेतच: तापट, बेदरकार, शय्येवर वणवा. पण ही सुटका नव्हे. कोठडी तीच, फक्त दाराला तोरण बांधले. काल 'केस तांबडे, म्हणून कपटी' असे म्हणत होतो, आज 'केस तांबडे, म्हणून तापट' म्हणतो. माणसाला त्याच्या डोक्यावरून वाचण्याची खोड जिथल्या तिथेच राहिली.

ही खोड काय करू शकते, हे जाणणारे लेखक झाले नाहीत असे नव्हे. जोव्हान्नी वेर्गाने १८७८ साली 'रोस्सो मालपेलो' ही कथा लिहिली. सिसिलीतल्या तांबड्या वाळूच्या खाणीत राबणारा एक पोर. केस तांबडे, म्हणून तो वाईट. किंवा गाव मानते तसे, मुळात वाईट म्हणूनच केस तांबडे. कारण कोणते आणि कार्य कोणते, हे विचारायची कुणाला गरज वाटत नाही. आई त्याच्या मजुरीच्या पैशांवर विश्वास ठेवीत नाही, बहीण त्याला बडवते. बाप खाणीत गाडला जातो, तेव्हा हाच पोर नखे उखडेपर्यंत वाळू उपसतो. शेवटी जिथे कोणी जायला धजत नाही अशा भुयारात त्याला धाडतात, कारण त्याची वाट पाहणारे कोणी नसते. तो परत येत नाही. वेर्गा हे सारे गावाच्याच सुरात सांगतो, पोराची बाजू घेऊन एक शब्द बोलत नाही. आणि म्हणूनच वाचता वाचता त्या गावातले आपले घर आपल्याला दिसू लागते. जूल रनारच्या १८९४ च्या 'प्वाल द कारोत'मधले पोर असेच. केस गाजरासारखे, म्हणून आईने तेच नाव ठेवले, आणि त्या नावाखाली त्याचे खरे नाव गाडले गेले. या दोघांनीही केसांचा रंग सांगितला. पण बोट दाखवले ते रंग पाहणाऱ्यांकडे. ओरहान पामुकच्या २०१६ च्या कादंबरीतली तांबड्या केसांची स्त्री तर जन्माने तशी नाहीच. तिने तो रंग आपल्या इच्छेने लावलेला आहे, आणि पुस्तकाचा शेवटचा भाग तिच्या तोंडून येतो. दुसऱ्यांनी मारलेला शिक्का तिने स्वतःच्या हाताने आपल्यावर उमटवून घेतला, आणि तिथे त्याचे शिक्केपण संपले.

हा साहेबांच्या देशातला प्रश्न, आपल्याला त्याचे काय, असे कुणी म्हणू नये. आदिपर्वातल्या हिडिंब राक्षसाचे केस आणि दाढी तांबडीच आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात कोणत्या मुलीशी लग्न करू नये हे सांगताना त्या श्लोकात पहिली येते ती 'कपिला', आणि टीकाकारांनी तिचा अर्थ पिंगट केसांची असा केलेला आहे. माझ्या एका मावशीचे केस पिंगट होते. तिला दाखवायच्या दिवशी आजी तिच्या डोक्यात वाटीभर खोबरेल जिरवी, म्हणजे केस जरा काळपट दिसत. पाहायला येणाऱ्यांपैकी कुणी मनुस्मृती वाचली असेल असे मला वाटत नाही. तिची गरजच नव्हती. आणि आमच्या मराठी कथांतले घारे डोळे? सावकाराचा मुनीम कावेबाज दाखवायचा की त्याचे डोळे घारे झालेच! कोकणातल्या एका जातीचे वाभाडे काढायला या दोन अक्षरांचा जितका उपयोग झाला, तितका मोठमोठ्या लेखांचाही झाला नसेल.

विज्ञान या बाबतीत फार कोरडे बोलते. केसांच्या तांबड्या रंगाचा संबंध एमसी१आर नावाच्या जनुकाशी आहे, हे १९९५ साली दाखवण्यात आले. आईबापांचे केस काळे असले तरी दोघांकडून त्या जनुकाची विशिष्ट रूपे आली, तर मूल तांबड्या केसांचे होऊ शकते. त्यामुळे एका रंगद्रव्याचे प्रमाण वाढते, दुसऱ्याचे घटते. त्यात कपट नाही, कामवासना नाही, विश्वासघात तर नाहीच. हे सगळे आपण घातले, आणि कादंबरीने ते जपून ठेवले.

म्हणून लिहिणाऱ्यांकडे माझी मागणी साधी आहे. पात्राचे केस, डोळे, रंग जरूर सांगा. माणूस बिनचेहऱ्याचा नसतो. पण लिहून झाल्यावर ते एक वाक्य खोडून पाहा. पात्राचा दुष्टपणा तरीही तितकाच पटत असेल, तर ते वाक्य फुकटचे होते. पटत नसेल, तर तुम्ही पात्र लिहिलेच नाही, नुसता रंग लावला. आणि वाचकांनी, हा अंक वाचून झाल्यावर, यातल्याच कथा पुन्हा एकदा चाळाव्यात. कुठे घारे डोळे, कुठे चपटे नाक, कुठे काळाकभिन्न देह आला आहे, आणि तो आल्याबरोबर पुढे काय होणार हे आपल्याला कसे कळले, एवढे स्वतःला विचारावे. ज्यांना असे केस, असे डोळे मिळाले आहेत त्यांना हा प्रश्न कधीचाच पडलेला आहे. त्यांच्याकडे पाहणारे आपणच तो विचारायला उशीर केला.