छत्तीस तासांची समस्यापूर्ति

गेल्या महिन्यांत एका वाचक भगिनीचें पत्र आलें. त्यांचा पुतण्या अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत आहे. तो ‘हॅकेथॉन’ नांवाच्या कांहीं प्रकारास जाऊं म्हणतो, रात्रभर तेथेंच राहावें लागतें, आणि घरांतील वडील मंडळींस त्यांतलें कांहींच उमगत नाहीं. तरी यावर चार शब्द लिहावे, असें त्या म्हणतात. संगणकाच्या बाबतींत मी अक्षरशत्रु. परंतु आमच्याच घरीं हें प्रकरण दोन वर्षें गाजत असल्यामुळें पाहिलें तेवढें लिहितों.

शब्दापासून आरंभ करणें ही माझी जुनी खोड. ‘हॅक’ म्हणजे येथें चोरी नव्हे. युक्तीनें झटपट कांहीं घडविणें. त्यास ‘मॅरेथॉन’चें शेपूट जोडलें. इ. स. १९९९ च्या जून महिन्यांत कॅनडांतील कॅलगरी येथें ओपनबीएसडी या संगणकप्रणालीवर काम करणारे दहा जण एकत्र जमले. गुप्तलेखनाच्या आज्ञावली अमेरिकेबाहेर पाठविण्यास तेथील कायद्याची आडकाठी होती, म्हणून कॅनडा. त्याच महिन्यांत सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनेंही आपल्या परिषदेंत असाच खेळ मांडला. आम्हां संस्कृतवाल्यांस यांत नवल तें काय? भोजाच्या सभेच्या आख्यायिकांत राजा श्लोकाचा एक चरण टाकतो आणि कवि तेथल्या तेथें उरलेले तीन रचतात. येथें चरणाऐवजीं अडचण देतात आणि श्लोकाऐवजीं चालती आज्ञावली मागतात, इतकाच भेद.

आपल्याकडील सर्वांत मोठी सभा म्हणजे केंद्र सरकारच्या विद्यमानें २०१७ सालीं सुरू झालेली ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’. मंत्रालयें व उद्योग आपल्या खऱ्याखुऱ्या अडचणी मांडतात, सहा विद्यार्थ्यांचा गट त्यांतील एक उचलतो, प्रथम महाविद्यालयांतच चाळणी होते, आणि निवडलेल्यांची अंतिम फेरी आज्ञावलीच्या विभागांत साधारणतः ३६ तास चालते. गटांत निदान एक मुलगी हवीच, असा नियम आहे. नियम चांगला, पण आमच्या घरीं रडारड झाली ती त्याच्याच पायीं.

माझी नात तेव्हां दुसऱ्या वर्षांत होती. पांच मुलांचा गट सिद्ध होता. अर्जाच्या आदल्या सायंकाळीं सहावी म्हणून हिला बोलावणें आलें. ही हरखून गेली. प्रत्यक्षांत हिला कोणीं एक ओळही लिहूं दिली नाहीं. ‘तूं सादरीकरणाचीं पानें सजव’ असें सांगण्यांत आलें. परीक्षकांनीं नेमकें हिलाच विचारलें, ‘ही माहिती साठविली कोठें जाते?’ ही निरुत्तर. रात्रीं न जेवतां माझ्या खोलींत येऊन बसली व म्हणाली, ‘आजोबा, मी नुसती नियमापुरती होतें.’ आमच्या सौ. म्हणाल्या, अशा ठिकाणीं मुलीनें जाऊंच नये. खरें सांगावयाचें तर माझ्याही मनांत तेंच होतें, आणि मी तें बोलूनही गेलों. सूनबाई सहसा माझ्यापुढें बोलत नाहींत. त्या दिवशीं मात्र म्हणाल्या, ‘मामंजी, वर्गांत एखादा मुलगा नापास झाला तर त्यास आपण शाळा सोडावयास सांगत होतां काय?’ मीं उत्तर दिलें नाहीं.

पुढचें वर्ष तयारींत गेलें, आणि पत्रलेखिकेस उपयोगी पडेल तें यांतच आहे. प्रथम तिनें घरांतलीच एक लहान अडचण घेतली. आजीच्या औषधांच्या वेळा चुकत. मोठ्या अक्षरांत वेळ दाखविणारी आणि औषध घेतलें कीं नाहीं याची नोंद ठेवणारी आज्ञावली तिनें दीड महिना खपून पुरी केली. पुरी केली, हा शब्द मुद्दाम लिहितों. दहा गोष्टी अर्धवट शिकलेल्यास ऐन वेळीं कोठें अडेल याचा अंदाज येत नाहीं. एकच लहान वस्तु आरंभापासून दुसऱ्याच्या मोबाईलवर चालूं लागेपर्यंत ज्यानें नेली त्यास येतो. जोडीला ती ‘गिट’ शिकली. चौघांनीं एकाच मजकुरावर हात चालविला म्हणजे एकाची दुरुस्ती दुसऱ्याच्या दुरुस्तीवर पडते. कोणी, केव्हां, काय बदललें याची बखर ठेवणारें हें साधन. नवख्यांचे गट मध्यरात्रीं भांडतात ते बहुधा येथेंच, असें ती म्हणते.

मग पहिलें मैदान लहान निवडलें. अनस्टॉप, डेव्हफोलिओ, डेव्हपोस्ट या संकेतस्थळांवर अशा स्पर्धांच्या याद्या असतात. अमेरिकेच्या नासाची ‘स्पेस ॲप्स’ २०१२ सालापासून जगांतील अनेक शहरांत भरत आली आहे, आणि तींत अनुभवाची अट नाहीं. यादी पाहतांना बक्षिसाचा आंकडा पाहूं नये. नवशिक्यांसाठीं वेगळा विभाग आहे काय, मार्गदर्शक रात्रींही जागे असतात काय, एकट्यानें आलेल्यास गट जुळवून देतात काय, हें पाहावें. शुल्क मागणाऱ्यांविषयीं मी साशंक असतों. चांगल्या स्पर्धा पुष्कळशा विनामूल्य असतात. आधीं लिहिलेलें आणूं देतात कीं नाहीं, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्यास मुभा किती, हे नियम स्पर्धेगणिक बदलतात. मुभा असली तरी, परीक्षकांनीं विचारल्यास उलगडून सांगतां येणार नाहीं असें कांहीं आपल्या कामांत ठेवूं नये. हा धडा नातीस महाग पडलेला आहे.

घरीं बसून भाग घेण्याच्या अशा एका शनिवार-रविवारच्या स्पर्धेंत ती व तिच्या दोन मैत्रिणी उतरल्या. माजघर त्यांना दिलें. पहाटे तीन वाजतां मीं चहा करून नेला, तेव्हां पांच कल्पनांपैकीं चार कागदावर खोडलेल्या दिसल्या. एकच ठेवावयाची पण चालती ठेवावयाची, शेवटचे चार तास नवें कांहीं जोडावयाचें नाहीं, आणि चालत असतांनाचें चित्रण करून ठेवावयाचें, म्हणजे ऐन वेळीं इंटरनेट बंद पडलें तरी दाखवावयास कांहीं असतें. तीन मिनिटांच्या भाषणाची तालीम मात्र माझ्याकडे होती. आयुष्यभर वक्तृत्वाचीं मुलें तयार केलीं, तें कोठें तरी उपयोगास आलें. अडचण कोणाची, हें पहिल्याच वाक्यांत आलें पाहिजे, एवढेंच मीं सांगितलें. बक्षीस मिळालें नाहीं. रविवारीं दुपारीं तिघीही चटईवर निजून गेल्या.

यंदा महाविद्यालयांतील चाळणीसाठीं गट तिनेंच बांधला आहे. तीन मुली, तीन मुलगे. पूर्वींच्या त्या पांचांपैकीं एकजण त्यांत आहे. ‘त्याला काय काम दिलेंस?’ असें मीं विचारलें. ‘माहिती साठविण्याचें,’ ती म्हणाली, ‘आणि सादरीकरणाचीं पानें आम्ही दोघें मिळून करणार.’

राहिला रात्रीं राहण्याचा प्रश्न. पत्रलेखिकेच्या घरच्यांनीं महाविद्यालयाचें पत्र पाहावें, सोबत कोणते शिक्षक आहेत व झोपण्याची सोय काय, एवढें विचारून घ्यावें. बरोबर एक पांघरूण, थोडा चिवडा आणि एक्स्टेन्शन बोर्ड द्यावा, कारण भिंतींतील प्लग कोठेंच पुरत नाहींत. आमच्या देवघरांतला बोर्ड नातीनें नेला आहे. तो अद्याप परत आलेला नाहीं.