शांतता समिती सणापुरतीच कशाला?



सण जवळ आला की पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक लागते. महंत, मौलाना, पुढारी एका रांगेत बसतात. मिरवणुकीचा मार्ग आणि डीजेची वेळ ठरते, अफवांवर विश्वास न ठेवण्याचे आवाहन होते. चहा, फोटो, की झाले. ३० मार्च २०२५ रोजी ईदच्या तोंडावर बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातील अर्धा मसल्याच्या मशिदीत पहाटे जिलेटिनचा स्फोट झाला, तेव्हा हा संवाद किती तोकडा आहे ते कळले. जीवितहानी टळली, दोघांना अटकही झाली. पण तपास पोलीस करतील; गावातला विश्वास कोण सांभाळणार?

स्विस धर्मपंडित हान्स क्युंग (१९२८-२०२१) यांनी धर्माधर्मांतल्या विश्वासाच्या याच प्रश्नासाठी आयुष्य वेचले. पोपच्या अचूकतेवर शंका घेतल्यामुळे १९७९मध्ये व्हॅटिकनने त्यांचा कॅथलिक धर्मशास्त्र शिकवण्याचा अधिकार काढून घेतला, तरी ते गप्प बसले नाहीत. १९९३च्या शिकागो सर्वधर्म परिषदेतील जागतिक नीतीच्या जाहीरनाम्याचा मसुदा त्यांचाच. देव कोणाचा खरा, हा वाद त्यात नाही. अहिंसा, न्याय्य अर्थव्यवहार, सहिष्णुता व सचोटी आणि स्त्री-पुरुष समानता, या चार गोष्टी सर्व धर्मांनी पाळाव्यात, एवढेच मागणे आहे.

हे परदेशी खूळ आहे, असे कोणी म्हणेल. पण आष्टी तालुक्यातील वाहिऱ्याचे शेख महंमद मुसलमान घरात जन्मून वारकरी संत झाले. ‘योगसंग्राम’ त्यांनी मराठीत लिहिला आणि दोन्हीकडच्या ढोंगावर कोरडे ओढले. त्यांचे नाव भाषणात घ्यायचे आणि कोरडे विसरायचे, ही आपली सोय.

कारण ते कोरडे आजही आपल्याच पाठीवर बसतील. २०११च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात बीड जिल्ह्यात हजार मुलांमागे फक्त ८०७ मुली होत्या. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर २०१९मध्ये सरकारला समिती नेमावी लागली. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी (‘कोयता’) लागते म्हणून पोरीचे लग्न उरकणारा बाप आणि आगाऊ दिलेली उचल फिटेपर्यंत मजुराला अडकवून ठेवणारा मुकादम कोणत्याही धर्मात सापडतो.

हे थांबवण्याचे काम सरकारचे, धर्मगुरूंचे नव्हे, असाही आक्षेप येईल. पण बालविवाहबंदीचा कायदा २००६पासून आहेच. तरी मंगलाष्टका म्हणायला भटजी येतो आणि निकाह पढवायला काझी. वयाचा दाखला पाहिल्याशिवाय लग्न लावणार नाही, असे या दोघांनी एका बैठकीत ठरवावे. त्याच आठवड्यात सप्ताहातल्या कीर्तनकाराने आणि जुम्म्याच्या बयानात मौलानांनी ते जाहीर करावे. पोरींसाठी वर्षभर एकत्र राबलेली माणसे एखाद्या रात्रीच्या अफवेवरून एकमेकांवर धावून जाणे अवघड आहे.

जिल्हा प्रशासनाने शांतता समितीची बैठक दर तीन महिन्यांनी घ्यावी आणि पहिला विषय बालविवाहाचा ठेवावा. मिरवणुकीचा मार्ग दुसऱ्या क्रमांकावर आला तरी चालेल.

– एक वाचक, आष्टी (जि. बीड)