धरण मुळशीत, कंपनी निवडायची मुभा मुंबईत! वीजबाजार खुला झाला तर ताम्हिणीला काय?

ताम्हिणी (ता. मुळशी) : पावसाळ्यात घाटात झाड तारेवर पडलं की लाईट गेलीच. मग मोबाईल बंद, पाण्याची मोटर बंद, गिरणी बंद. अशा वेळी 'आता वीज कंपनी बदलता येणार' अशी बातमी आली की प्रश्न पडतो, यात आपल्याला काय?

जुनी गोष्ट आठवा. मुळशी धरणासाठी जमिनी जाणार म्हणून 1921 मध्ये इथल्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांसोबत सत्याग्रह केला. तरी टाटा कंपनीचं धरण झालंच. पाणी घाटाखाली रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याला गेलं, 1927 मध्ये तिथलं वीजघर सुरू झालं आणि वीज मुंबईला गेली. आज मुंबईत बऱ्याच घरांना टाटा की अदानी, हे निवडता येतं. धरणाकाठच्या गावांना मात्र महावितरण एवढाच पर्याय.

2003 च्या वीज कायद्याने मोठ्या ग्राहकांना बाहेरून वीज घ्यायची मुभा दिली. आधी ही सोय 1 मेगावॅट आणि त्यावरच्यांना होती. 2022 च्या केंद्राच्या नियमांनी सौर-पवन अशा हरित विजेसाठी ही मर्यादा 100 किलोवॅटवर आणली. म्हणजे पिरंगुटचा कारखाना किंवा हिंजवडीची आयटी कंपनी स्वस्त सौरवीज बाहेरून घेऊ शकते.

खरी मेख इथंच आहे. कारखाने जास्त दर भरतात, त्यातून शेतीपंप आणि गरीब घरांचा दर कमी ठेवला जातो. बाहेर जाणाऱ्यांकडून अधिभार घेतात, पण मोठे ग्राहक निघून गेले की खांब-तारांचा खर्च शेवटी उरलेल्यांवरच येतो.

एकाच भागात अनेक कंपन्यांना वाट देणारं विधेयक ऑगस्ट 2022 मध्ये लोकसभेत आलं. खासगी कंपनीला समांतर परवाना नको म्हणून जानेवारी 2023 मध्ये राज्यातले वीज कर्मचारी संपावर गेले. नवी कंपनी आली तरी ती आधी दाट वस्ती बघणार. चार घरांच्या वाडीसाठी जंगलातून लाईन कोण सांभाळणार? स्पर्धा येवो, पण वाडीवस्तीला वीज देण्याची सक्ती प्रत्येक कंपनीवर हवी.

मग छतावर सोलर? पंतप्रधान सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला 1 किलोवॅटला 30 हजार, 2 ला 60 हजार, 3 किंवा जास्तीला 78 हजार रुपये अनुदान आहे. पण पैसे भरण्याआधी दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, ताम्हिणीच्या पावसात महिनोन् महिने ऊन नसतं. एप्रिल-मे मध्ये उरलेली युनिट पुढच्या बिलात वळती होतात, म्हणून हिशोब वर्षाचा करा, महिन्याचा नको. दुसरी, बॅटरी नसेल तर लाईट गेल्यावर हे सोलरही बंद पडतं. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. विकणारा हे सांगेलच असं नाही.

तोवर हातात आहे ते करा. लाईट गेली की 1912 वर तक्रार नोंदवून नंबर लिहून ठेवा. वीज ठरलेल्या वेळेत परत आली नाही तर नियमाने भरपाई मागता येते. मोठं वादळ, पूर अशा आपत्तीत मात्र सूट असते. मे महिन्यातच तारांजवळच्या फांद्या तोडून घ्या, असा ठराव ग्रामसभेत करा. आणि वीज नियामक आयोग दरवाढीवर हरकती मागवतो, तेव्हा गावाच्या लेटरहेडवर एक अर्ज जाऊ द्या. मुंबईचे ग्राहक तिथं बोलतात, आपण का गप्प बसायचं?